सूर्यभान सायकल मार्टचे मालक

चूक माझीच होती. तुम्ही असताना मी ती कधी पेंटरवर ढकलली, कधी माझ्या आजीच्या शिकवणीवर, आणि एकदा तर सरळ तुमच्यावर. पेंटर यायच्या दिवशीच तुम्हाला बार्शीला जायचं काय अडलं होतं, असं वर तोंड करून विचारलं होतं मी. आता ढकलायला समोर कुणी नाही. तेव्हा घ्या, झाली कबूल.

त्या दिवशी तुम्ही चेन आणि फ्रीव्हील आणायला पहिल्या एसटीनं गेला होतात. येरमाळ्याच्या फाट्यावर आपलं पत्र्याचं दुकान नुकतंच उभं राहिलं होतं. पुढच्या खोलीत भाड्यानं द्यायच्या सायकली, मागच्या खोलीत आपला संसार. मी नवी नवरी. पदर भुवईपर्यंत, आणि अक्कल पदराच्याही मागं कुठंतरी.

कळंबहून कांबळे पेंटर आले. निळ्या रंगात त्यांनी 'सायकल मार्ट' लिहून घेतलं, अलीकडं जागा सोडली आणि शिडीवरूनच मला विचारलं, "वैनी, मालकाचं नाव काय टाकू?"

आता नवऱ्याचं नाव बाईनं कसं घ्यायचं? घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं माझी आजी सांगायची. उखाण्यात तेवढी सूट. मी म्हणलं, तुमीच वळखा. पेंटर म्हणाले, मी परगावचा माणूस, मला कसं कळायचं. मग मी बोट वर केलं. माथ्यावर ऊन तापलेलं. "त्यो वर हाय का न्हाय, सकाळी उगवतो, त्येचं नाव." पेंटरनी वर बघितलं, डोळे बारीक केले, मान हलवली. मला वाटलं, समजलं. काय हुशारी केली म्हणून स्वतःवर खूश होत मी आत गेले आणि त्यांच्या चहात साखरेची मूठ सैल सोडली. कप घेऊन बाहेर येते तर अक्षरं सुकत आलेली. 'सूर्यभान सायकल मार्ट.'

तुमचं नाव सूर्याचंच. पण ते नव्हे, दुसरं.

चुकलं असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण चुकलं म्हणायचं तर बरोबर काय ते सांगावं लागलं असतं. म्हणून पेंटरच्या हातात कप दिला आणि गप्प उभी राहिले. अशी मी पतिव्रता. आणि गंमत बघा, मला लिहिता येत होतं की. चौथी शिकलेली होते. मातीत काडीनं लिहून दाखवलं असतं तर नाव घेतल्याचं पापही लागलं नसतं. हे मला सुचलं कधी? नातू शाळेत जायला लागल्यावर.

संध्याकाळी तुम्ही एसटीतून उतरलात आणि रस्त्यातच थांबलात. मी दाराच्या फटीतून बघत होते. तुम्ही बोर्ड वाचलात. मग एकदा मागं वळून रस्ता बघितलात, आपण चुकीच्या फाट्यावर तर उतरलो नाही ना, असा. आत आलात, चेनचा पुडा खाली ठेवलात आणि म्हणालात, "ह्यो सूर्यभान कोण?"

मला भीतीनं हसू फुटलं. ते काही केल्या थांबेना. मग तुम्हालाही फुटलं. जेवायला बसेपर्यंत आपण दोघं खुळ्यासारखे हसत होतो. भाकरीचा दुसरा घास मोडताना तुम्ही ताटाकडं बघत हळूच म्हणालात, ते नाव आईनं ठेवलं होतं.

तुमची आई तुम्हाला चालताही येत नव्हतं तेव्हा गेली. पाठोपाठ वडील. भूमकडच्या चुलत्यांच्या घरी तुम्ही वाढलात, पण तिथं तुम्हाला नावानं कुणी बोलावत नव्हतं. 'पोरगं' म्हणायचे, नाहीतर नुसतं 'ए'. ए पाणी आण, ए बैल सोड. आईनं मागं ठेवलेलं तेवढं एक नाव होतं, आणि ते वापराविना तसंच पडून होतं. "कुठं तरी लिवलेलं असावं वाटत हुतं," एवढंच म्हणालात. पुढं भाकरीच मागितलीत.

मी म्हणलं, पुढच्या खेपेला पेंटर आले की बदलून घेऊ. तुम्ही व्हय म्हणालात.

पुढची खेप कुठली यायला. बहात्तरचा दुष्काळ आला. भाड्यानं सायकल घेऊन जाणार कोण आणि कुठं? बाजार बसलेले, शेतं उघडी, माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर. मीही गेले. तिथल्या बायका मला चिडवायच्या, तुझ्या नवऱ्यानंच पाऊस पळवला गं, नावच बघ की त्याचं. मी घरी येऊन तुम्हाला ते नक्कल करून दाखवायचे, आणि तुम्ही हसायचात. मी मात्र दुसऱ्याच्या नावापायी तुम्हाला लागलेले बोल ऐकून येत होते आणि वर त्याची नक्कल करत होते. ही माझी तेव्हाची समज.

त्या साली पंक्चर मात्र लई व्हायची. खडीनं, काट्यांनी. आणि पंक्चर बघायला घमेल्यात पाणी लागतं. ट्यूब बुडवली की जिथून बुडबुडे येतात तिथं छिद्र. आपल्या घमेल्यातलं पाणी काळं होऊन आटत चाललेलं, आणि भर घालावी तर प्यायलाच नाही. एक दिवस तुम्ही घमेलं पालथं घातलंत. ट्यूबमध्ये हवा भरलीत, ती गालाजवळ धरलीत आणि डोळे मिटून हळूहळू फिरवायला लागलात. मी विचारलं, ट्यूबचा मुका घेताय का काय. तुम्ही मला जवळ बसवलंत आणि ट्यूब माझ्या गालाजवळ आणलीत. फिरवता फिरवता एका जागी बारीकसा वारा लागला. मुंगीनं फुंकर मारावी एवढा.

"गालाला कळतं," तुम्ही म्हणालात. "बोटाला कळत न्हाय, बोटं निबर झाल्यात. गालाला समदं कळतं."

मग मी पंक्चर शोधून द्यायला लागले. नव्या सुनेनं बाप्यांच्या सायकलीची ट्यूब गालाला लावायची म्हणजे फाट्यावर बोलणं व्हायचंच. तुम्ही कुणाचं काही मनावर घेतलं नाहीत. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे, हे कधी म्हणाले नाही. तेव्हा मी एवढंच म्हणायचे, माझा गाल काळा करून ठेवला ह्या माणसानं.

आणि चुंबळ. ती गोष्ट तर तुम्ही येईल त्याला सांगायचात. विहिरीचं पाणी लांब गेलं होतं. माणसं सायकलच्या कॅरेजला घागर बांधून आणायची, ती अर्ध्या वाटेत कलंडायची. मी सहज बोलून गेले, बाईच्या डोक्यावर चुंबळ असते म्हणून घागर बसते, तुमच्या सायकलला कुठाय चुंबळ? बोलले आणि चुलीकडं वळले. तुम्ही मात्र रात्रीचं जेवणसुद्धा उभ्या उभ्या उरकलंत. गज वाकवून कॅरेजच्या दोन्ही अंगांना दोन कडी केलीत, त्यांना जुन्या टायरची पट्टी गुंडाळलीत, आणि घागरी त्यात अशा बसल्या की सायकल खड्ड्यातून गेली तरी पाणी हिंदकळायचं, पण घागर हलायची नाही. पंचक्रोशीत त्याला 'सूर्यभानची चुंबळ' म्हणायला लागले.

तुम्ही मात्र दर वेळी दुरुस्ती करायचात. माझी न्हाय, गोदावरीची, म्हणायचात. चार बाप्यांत बायकोचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती. मी आतून ऐकायचे आणि लाजेनं भांडी आपटायचे.

पाऊस परत आला, आणि मागोमाग दूध संस्था आली. जिथं तिथं संस्था निघायचे दिवस होते ते. ज्या कड्यांत घागरी बसत होत्या त्यात आता दुधाचे कॅन बसायला लागले. पहिले गिऱ्हाईक दगडूतात्या. उक्कडगावच्या वाटेनं सकाळी कॅन घेऊन यायचे आणि संस्थेत दूध घातलं की दुकानासमोर सायकल आडवी लावून चहा मागायचे. चहा झाल्यावर म्हणायचे, सूर्यभान, चाकात आवाज येतोय बघ. आवाज चाकात नसायचा, तात्यांना आणखी बसायचं असायचं. म्हातारे होईपर्यंत त्यांच्या चाकातला आवाज काही गेला नाही.

गवळ्यांमागून गवळी आले. मग संस्थेनं टेंपो घेतला, त्याचं तेलपाणी तुमच्याकडं. मग कुणाची फटफटी, कुणाचं पाण्याचं इंजिन. तुम्ही सायकलवाले, पण जे समोर येईल ते खोलायचात, कापडावर क्रमानं मांडायचात आणि परत जोडायचात. सुरुवातीला एखादा नट उरायचा. तो तुम्ही माझ्या मिसरीच्या डबीत टाकायचात, गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून. मी एकदा तसाच दाताला लावला होता.

गॅरेजची शेड उभी राहिली आणि नवा बोर्ड करायचं निघालं. हे आपलं खरं भांडण. ते आजपर्यंत संपलेलं नाही, म्हणून परत काढते.

तुम्ही म्हणालात, आता तरी माझं नाव टाकू.

आणि मी, जी आता नवी नवरी राहिली नव्हती, दोन लेकरांची आई होते, फाट्यावरच्या बायकांत शहाणी म्हणून गणली जात होते, मी नको म्हणलं. या वेळी लाजून नव्हे, व्यवहार बघून. म्हणलं, संस्थेच्या लोकांना सूर्यभान ठाऊक आहे. चुंबळीला सूर्यभान म्हणतात. लग्नाच्या पत्रिका सूर्यभानच्या नावानं येतात. पाटी बदलली तर लोकांना वाटेल दुकान विकलं, मालक बदलला. नाव घेऊन काय चाटायचंय?

शेवटचं वाक्य मी बोलले. ते परत घेता येत नाही.

तुम्ही हाताचं ग्रीस फडक्याला पुसत राहिलात. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिलात. मग म्हणालात, "बरं. बोर्डावर सूर्यभान ऱ्हाऊ दे. पर घरात तू मला माझ्या नावानं हाक मार. एकजण तरी असावं."

मी पदर तोंडाला लावला. "बया, आयुष्य कमी व्हायचं तुमचं."

"व्हऊ दे थोडं," तुम्ही म्हणालात.

मी हसले. तुम्ही हसला नाहीत, हे मला तेव्हाच दिसलं होतं. दिसलं नाही असं दाखवून मी आत गेले. नवा बोर्ड लागला. 'सूर्यभान सायकल मार्ट आणि मोटर गॅरेज.' अक्षरं आधीपेक्षा मोठी.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही कधी काढली नाहीत. काढली असतीत तर मी कुठं तोंड लपवलं असतं कोण जाणे. आपल्या लग्नात माझं नाव बदलायचं ठरलं होतं. चुलतसासूबाईंनी 'सुमन' पसंत केलं होतं. तांदळाचं ताट पुढं आलं, तुमच्या हातात अंगठी दिली, लिही म्हणाले. तुम्ही तांदळात अंगठी फिरवलीत आणि लिहिलंत, गोदावरी. माझं माहेरचंच. सगळे ओरडले. तुम्ही खाली मान घालून म्हणालात, तिच्या आईनं ठेवलंय, पुसायचं कशाला. मुंडावळ्यांमागून मी ते ऐकलं. नवरा मुलुखाचा हट्टी दिसतोय, एवढंच तेव्हा मला वाटलं.

तुम्ही माझ्या आईनं दिलेलं नाव राखलंत. मी तुमच्या आईनं दिलेलं नाव दोनदा पुसलं. एकदा येडेपणानं आणि एकदा शहाणपणानं.

घास भरवताना उखाण्यात नाव घेतलं होतं की, असं मी पुढं वाद घालायचे. तुम्ही म्हणायचात, तो उखाणा धरायचा नाही. तोंडात जिलेबी होती, काय बोललीस ते देवाला तरी कळलं असेल का. ते खरंच होतं. आणि नंतर हळदीकुंकवाला बायका आग्रह करायला लागल्या की मी मुद्दाम सूर्यभान जोडून उखाणा घ्यायचे. बायका खिदळायच्या. भिंतीपलीकडं तुमचा पाना क्षणभर थांबायचा. मला वाटायचं, चला, ऐकलं ह्यांनी, आता रागानं येतील, मग आणखी मजा. तुम्ही कधी आला नाहीत. थोड्या वेळानं पाना परत चालू व्हायचा.

अलीकडं तुम्ही गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायचात. पोरानं धंदा वाढवला, बोर्डात दिवे आले, दिव्यांत सूर्यभान आला. येणारी पोरं सूर्यभानकाका म्हणून पाया पडायची, तुम्ही आशीर्वाद द्यायचात. दम लागायचा, तरी इंजिनाचा आवाज ऐकून कुठं दुखतंय ते खुर्चीवरून सांगायचात. तुमचं स्वतःचं कुठं दुखतंय ते मात्र कधी सांगितलं नाहीत.

नवरात्र झालं तेव्हा एका दुपारी मी तुमच्या पाठीला तेल लावत होते. तुम्ही एकदम म्हणालात, "गोदा, ते ऱ्हायलंच की गं."

मला कळलं काय ते. कळूनही विचारलं, "काय ऱ्हायलं?"

"नाव."

मी म्हणलं, पाडव्याला घेते. ओवाळते तुम्हाला, ताटात चांगली साडी ठेवा, मग घेते, जिलेबीबिगर. तुम्ही म्हणालात, साडी कुठल्या रंगाची. मी म्हणलं, बोर्डाच्या. तुम्ही लई हसलात, मग खोकलात, मग बराच वेळ माझा हात धरून बसलात. तेव्हा घ्यायला काय झालं होतं? दार लोटलेलं होतं, घरात कुणी नव्हतं, तुमचा कान माझ्या तोंडापासून वीतभर लांब. एका नावाला किती वेळ लागतो? पण मला पाडवा हवा होता, ताट हवं होतं, गंमत हवी होती. जन्मभर मला गंमतच हवी होती.

दिवाळीची भाजणी दळून आणली त्या सकाळी मी चहा घेऊन ओसरीत आले. तुम्ही कॉटवर कुशीवर होतात. चहा ठेवला म्हणलं. उठा म्हणलं. कप खाली ठेवून बोट तुमच्या नाकाशी धरलं. बोटाला काही कळलं नाही. मग तुम्ही शिकवलं होतं तसं केलं. खाली वाकले, गाल तुमच्या तोंडाजवळ नेला, डोळे मिटले आणि हळूहळू फिरवला. ह्या बाजूनं, मग त्या बाजूनं. मुंगीच्या फुंकरीएवढा वारा लागला असता तरी मला पुरला असता, माझ्या गालानं कधी चूक केली नव्हती. अजून थोडं इकडं असेल, अजून थोडं तिकडं असेल, असं करत मी किती वेळ वाकलेली होते ते सुनेला विचारा. तिनं मला उचललं.

आजीचं म्हणणं खरं धरलं तर मी नाव घेतलं नाही म्हणून तुम्ही एवढे जगलात. असं मी स्वतःला सांगून बघते. तुमच्या चुकीच्या नावानं आपण लेकरं वाढवली, लेकीला उजवलं, दोन दुष्काळ काढले. हेही सांगून बघते. मग मला तुमचं फडकं आठवतं, स्वच्छ हातांवर फिरणारं. आणि सगळं सांगणं बंद पडतं.

अंगणात तुम्हाला ठेवलं तेव्हा अख्खा फाटा आला होता. दुकानं बंद, संस्थेचा टेंपो रस्त्याकडेला उभा. माणसं म्हणत होती, सूर्यभान गेला. सूर्यभानसारखा माणूस नाही. बायका मला धरून रडत होत्या आणि मला मोठी भीती वाटत होती, की आता उचलतील आणि हे सूर्यभान म्हणूनच जातील. चुकीच्या फाट्यावर उतरवल्यासारखे.

खांदेकरी वाकले तशी मी उठले. पदर पडला, पडू दिला. तुमच्या उशाशी गेले आणि नाव घेतलं. हळू नव्हे. रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असं.

"भास्कर. भास्कर, उठा. घेतलं बघा नाव."

पोरगा माझ्याकडं बघायला लागला, लेक बघायला लागली. तुम्ही बघितलं नाहीत. मी आणखी एकदा घेतलं, मग आणखी, आता काय कमी व्हायचं होतं? मग त्यांनी तुम्हाला उचललं.

माणसं तुम्हाला घेऊन निघाली. बायकांनी मला भिंतीला टेकवून बसवलं. दगडूतात्यांच्यानं आता चालवत नाही, म्हणून ते मागं राहिले होते. काठी टेकत ते माझ्याजवळ आले, खाली बसले, पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. सकाळी सकाळी तुमच्यासमोर सायकल आडवी लावून, तुमच्याबरोबर चहा पिऊन जन्म काढलेला माणूस. मग माझ्याकडं वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं,

"वैनी, भास्कर कोण?"